लुईज फारांकचं चेंबर म्युझिक मागे का पडलं, आणि आज कुठून सुरुवात करावी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच संगीतकार लुईज फारांक हिचा नोनेट, म्हणजे नऊ वाद्यांची रचना, तुम्ही पहिल्यांदा ऐकलात, फार आवडला, मग शोधाशोध केली तर जिथे तिथे एकच वाक्य, की ती बाई होती म्हणून विसरली गेली. ते तुम्हाला पटलं पण पुरेसं वाटलं नाही. शिवाय घरी पियानो आहे, मुलगी फ्लूट वाजवते, ओळखीत एक चेलोवाले आहेत, तर या तिघांनी तिचं काय वाजवावं. मी चेलो वाजवते आणि शिकवते, फारांकच्या पियानोसोबतच्या रचना बऱ्याच वाजवल्यात, त्यामुळे चेलोच्या खुर्चीवरून जे दिसतं ते सांगते.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. बाई म्हणून विसरली गेली हे खोटं नाहीये, पण तेवढ्यावर थांबलं तर खरा प्रश्न हातातून निसटतो. त्याच फ्रान्समधला, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा संगीतकार जॉर्ज ऑन्सलो बघा. पुरुष, घरचा गडगंज, बापाकडून इंग्लिश उमराव घराण्यातला, ३६ स्ट्रिंग क्वार्टेट (चार तारवाद्यांच्या रचना) आणि ३४ क्विंटेट (पाच वाद्यांच्या) लिहिले, छापणारे दारात उभे, जर्मनीतसुद्धा त्याचं नाव होतं, १८४२ मध्ये संगीतकार केरुबिनी वारल्यावर त्याच्या जागी फ्रान्सच्या ललित कलांच्या अकादमीत निवडून गेला. १८५३ मध्ये तो गेला आणि पुढच्या एका पिढीत त्याचे क्विंटेट मैफिलींतून जवळजवळ नाहीसे झाले. याला तर कुणी बाई म्हणून मागे ढकललं नव्हतं ना? मग दोघांनाही एकाच खड्ड्यात टाकणारी काहीतरी दुसरी गोष्ट असली पाहिजे, आणि माझ्या मते ती म्हणजे हे संगीत ज्या खोल्यांत, ज्या माणसांमध्ये वाजत होतं त्या खोल्या आणि ती माणसंच पुढे राहिली नाहीत. फारांकचं बाईपण त्यात आलंच, पण ते कुठून कुठून आलं हे नीट बघितलं तर गोष्ट जास्त खरी होते.

तिची पार्श्वभूमी पटकन सांगते. जन्म १८०४, पॅरिस, माहेरचं आडनाव द्युमों. घराणं शिल्पकारांचं, वडील शिल्पकार, भाऊ ओग्युस्त द्युमों पण शिल्पकार (पॅरिसला बास्तीच्या चौकात जो उंच स्तंभ आहे त्याच्या टोकावरचा सोनेरी पुतळा त्याचाच, पुढच्या वेळी गेलात तर वर बघा). लहानपण सोर्बोनमध्ये, जिथे सरकारनं कलावंतांच्या कुटुंबांना जागा दिल्या होत्या, म्हणजे बायका काम करतात, मुली शिकतात याचं कुणाला नवल वाटत नसलेल्या वातावरणात. पंधराव्या वर्षी ती आंतोन राइखाकडे कंपोझिशन शिकायला लागली. राइखा प्रागचा, तरुणपणी बॉनच्या ऑर्केस्ट्रात बेटोव्हनबरोबर वाजवलेला माणूस, पुढे त्याच्याकडे बेर्लिओझ, लिस्ट, फ्रांक सगळे शिकले, आणि वाऱ्याच्या पाच वाद्यांसाठी क्विंटेट लिहिण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण फारांक फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न ज्या सहजतेनं हाताळते ते तिथून आलंय. १८२१ मध्ये आरिस्तीद फारांकशी लग्न. तो फ्लूटवादक, नंतर संगीताचा प्रकाशक.

आता पॅरिस. १८३०-४० च्या पॅरिसमध्ये संगीतकार म्हणून नाव मिळवायचा रस्ता एकच होता, ऑपेरा. आपल्याकडे एके काळी संगीत नाटकाच्या रंगमंचावरून जे नाव घरोघरी जायचं ते बैठकीतल्या गाण्यातून जात नसे, तसंच काहीसं. सरकारी पैसा, पेपरातली परीक्षणं, प्रकाशकांची स्पर्धा, सगळं ऑपेराभोवती. तरुण संगीतकाराला रोमला पाठवणारं सरकारी पारितोषिकसुद्धा नाट्यमय गायनाच्या रचनेवर मिळायचं, आणि ते स्त्रियांना १९०३ पर्यंत बंदच होतं. फारांकला ऑपेरा लिहायचा होता पण तिच्या हातात कुणी संहिता दिली नाही. म्हणजे बघा, पहिला दरवाजा बंद झाला तो इथे, तिचे क्विंटेट वाईट होते म्हणून नाही.

ऑपेराच्या सावलीत वाद्यसंगीताची एक छोटीशी दुनिया होती. पिएर बायो या व्हायोलिनवादकानं १८१४ पासून वर्गणीदारांसाठी चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांनी छोट्या जागेत वाजवायच्या संगीताच्या, संध्याकाळी सुरू केल्या होत्या, तिथे हायडन, मोझार्ट, बोक्केरिनी, बेटोव्हन वाजायचे, ऐकायला येणारे थोडे पण कान तयार असलेले. १८२८ पासून कॉन्झर्व्हेटरीतल्या (पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयातल्या) ऑर्केस्ट्रा मंडळाच्या मैफिली सुरू झाल्या, तिथे बेटोव्हनच्या सिंफनी. त्याशिवाय पियानो बनवणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचे हॉल होते, एरारचा, प्लेयेलचा. हॉल कंपनीचा, पियानो कंपनीचा, आणि वाजवणारा त्या पियानोची जाहिरात करतोय हे सगळ्यांना माहीत. आणि मग घरं. वकील, बँकवाले, डॉक्टर, सरकारी नोकर, यांच्या दिवाणखान्यांत आठवड्याचा एक ठरलेला दिवस, चार-पाच वाद्यं, काही व्यावसायिक वादक, काही हौशी पण तयारीचे, आणि वीस-तीस माणसं. माझ्या मते फारांकची बहुतेक चेंबर म्युझिकची रचना या शेवटच्या दोन जागांसाठी आहे, पियानो कंपनीचा हॉल आणि घर. हे मनात ठेवून ऐकलंत तर तिच्या संगीतात जे पुष्कळांना 'जुन्या वळणाचं' वाटतं ते कळायला लागतं. त्या काळात पियानोवर ऑपेरातल्या लोकप्रिय चालींच्या चमकदार फँटसी करायची लाट होती, तीही सुरुवातीला तसं थोडं लिहीत होती, पण मग तिनं जाणूनबुजून हायडन-मोझार्ट-बेटोव्हनच्या बाजूची खुर्ची घेतली. त्या वेळच्या पॅरिसमध्ये हे मागे राहणं नव्हतं, तो एक पक्ष होता, अल्पसंख्याकांचा पण ठाम.

आता बाईपण कुठे येतं ते बघा. चांगल्या घरातल्या मुलीनं पियानो शिकावा हे ठरलेलंच होतं. व्हायोलिन किंवा चेलो शिकणं मात्र शोभत नाही असं मानायचे, व्हायोलिनला हनुवटी वाकवावी लागते, चेलोला पाय फाकून बसावं लागतं, वाऱ्याची वाद्यं तर विचारूच नका. त्यामुळे चेंबर म्युझिकमध्ये बाईला एकच खुर्ची होती, पियानोची, पण गंमत अशी की पियानो असलेल्या रचनेत तीच खुर्ची मुख्य असते. पुरुष तीन-चार, तारांवर, आणि मध्ये पियानोवर बाई, तिच्या इशाऱ्यावर सगळे सुरू करणार. समाजात इतरत्र कुठे हे चित्र दिसत नव्हतं. फारांक १८४२ मध्ये कॉन्झर्व्हेटरीत पियानोची प्राध्यापक झाली, मुलींच्या वर्गाची, आणि १८७३ पर्यंत तिथे होती. तिच्या पियानोच्या एट्यूड, म्हणजे सरावाच्या रचना, ओपस २६ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक), तिथल्या पियानोच्या सगळ्या वर्गांना लावल्या होत्या. म्हणजे तिच्या हाताखालून वर्षानुवर्षं मुली तयार होऊन बाहेर पडत होत्या आणि त्यांना वाजवायला काहीतरी हवं होतं ज्यात त्यांचा हात दिसेल, डोकं दिसेल, आणि फालतू चमचमाट नसेल. तिची स्वतःची मुलगी व्हिक्टोरीन त्यातलीच, १८४४ मध्ये कॉन्झर्व्हेटरीचं पहिलं बक्षीस मिळवलेली. आईच्या रचना ती वाजवायची. फारांकच्या पियानोच्या ओळी वाचताना मला कायम जाणवतं की ही ओळ कुणीतरी ओळखीच्या बोटांसाठी लिहिलीय.

इथे थोडं खोलात जाते कारण हाच माझा प्रांत. १८३९ चा पहिला पियानो क्विंटेट, ओपस ३०, ए मायनर, आणि लगेच १८४० चा दुसरा, ओपस ३१, ई मेजर. दोन्हींची वाद्यं बघा: पियानो, व्हायोलिन, व्हियोला, चेलो आणि डबल बास. दुसरं व्हायोलिन नाही. आज पियानो क्विंटेट म्हटलं की आपण पियानो अधिक स्ट्रिंग क्वार्टेट असं धरून चालतो, पण ती सवय शूमानच्या १८४२ च्या क्विंटेटनंतर पक्की झाली. त्याच्या आधी डबल बासवाला प्रकार चांगला रुळलेला होता, हुमेलचा आहे, शूबर्टचा 'ट्राउट' तर सगळ्यांना माहीत. आणि पॅरिसमध्ये डबल बास दिवाणखान्यात आणायची सवय ऑन्सलोमुळेही वाढली, त्याच्याबद्दल सांगतात की लंडनला एका क्विंटेटच्या वेळी दुसरा चेलोवाला आलाच नाही, मग द्रागोनेत्ती या थोर बासवादकानं तो भाग बासवर वाजवला, आणि ऑन्सलोला तो आवाज इतका आवडला की पुढे त्यानं बासचा पर्याय देऊनच क्विंटेट छापले.

डबल बास आला की चेलोवाल्याचं आयुष्य बदलतं. एरवी पियानोच्या त्रिकुटात किंवा क्वार्टेटमध्ये चेलोचा अर्धा वेळ खालचा स्वर धरून ठेवण्यात जातो, पियानोच्या डाव्या हाताला चिकटून. बास खाली उभा राहिला की चेलो मोकळा, वर जाऊन गाऊ शकतो. ओपस ३० चा दुसरा भाग, आदाज्यो नॉन त्रोप्पो (संथ, पण फार नाही), काढून ऐका. सुरुवातीलाच चेलोला लांब सूर दिलाय, आणि तो इतका ऐसपैस आहे कारण तळाची जबाबदारी बासनं घेतलीय. मी विद्यार्थ्यांना हा भाग देते तेव्हा पहिली तालीम बास आणि चेलो दोघांचीच घेते, पियानोशिवाय. कारण चेलोवाल्याला सवयीनं खाली आधार द्यायची घाई असते, आवाज जड करतो, आणि इथे तसं केलं की तळाला दोन माणसं बसतात आणि वर कुणीच नाही. बाससोबत दोघांनीच वाजवलं की आपोआप कळतं आपल्याला कुठे उभं राहायचंय.

आता हेच वैशिष्ट्य पुढे तिच्या मुळावर आलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेंबर म्युझिक घरातून हळूहळू बाहेर निघालं आणि हॉलमध्ये गेलं, आणि हॉलमध्ये ते घेऊन गेले कायमचे बांधलेले स्ट्रिंग क्वार्टेट. चार माणसं, वर्षानुवर्षं एकत्र, गावोगावी दौरे. त्यांना पियानोसोबत काही वाजवायचं असलं की एक पियानोवादक पाहुणा बोलवायचा आणि शूमान, ब्राम्स, द्वोर्झाक वाजवायचं. फारांक वाजवायची तर दुसऱ्या व्हायोलिनवाल्याला घरी पाठवा आणि एक डबल बासवाला शोधून आणा. कोण करणार? फारांकनं स्ट्रिंग क्वार्टेट तर मागे ठेवलाच नाही, म्हणजे या चौघांच्या कपाटात तिचं नाव जायची वाटच नव्हती. तिच्या बाकीच्या रचना बघा: नोनेट, पियानो आणि पाच वाऱ्याच्या वाद्यांचा सेक्सटेट, क्लॅरिनेट-चेलो-पियानो, फ्लूट-चेलो-पियानो. सगळी जुळवाजुळवीची मंडळी, म्हणजे पॅरिसमध्ये ज्यांची एकमेकांशी रोज गाठ पडते अशा वादकांनी संध्याकाळी जमून वाजवायची. ऑपेराच्या ऑर्केस्ट्रातला फ्लूटवाला, ओबोवाला, कॉन्झर्व्हेटरीतले सहकारी, यांचं एक जाळं होतं, त्या जाळ्याच्या मापानं हे संगीत शिवलेलं. जाळं विरलं की कपडे कुणाच्या अंगाला बसेनात. ऑन्सलोचंही हेच, त्याचे क्विंटेट दोन चेलो नाहीतर चेलो-बासचे, बांधलेल्या क्वार्टेटला ते नेहमीच गैरसोयीचे. मला विचाराल तर विसरण्याच्या कारणांत ही साधी माणसं जमवायची अडचण फार वर आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही कारण ती वाचून कळत नाही, ग्रुप जमवायला गेलं की कळते. मुंबई-पुण्यात ओपस ३० बसवायचा म्हटलं की आजही पहिला फोन बासवाल्याला करावा लागतो, बाकीच्यांच्या तारखा त्याच्या तारखांवर ठरतात.

आता तुम्हाला आवडलेला नोनेट, ओपस ३८, ई फ्लॅट मेजर, १८४९ चा. व्हायोलिन, व्हियोला, चेलो, बास आणि फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, बासून. हीच नऊ वाद्यं श्पोरनं व्हिएन्नात १८१३ मध्ये वापरली होती, फारांकसमोर तो नमुना होताच. पण एक गोष्ट बघा, यात पियानो नाही. म्हणजे बाईसाठी असलेली ती एकमेव खुर्चीच काढून टाकलीय. ती स्वतः मंचावर नाही, तिची मुलगी नाही, शिष्या नाहीत, नऊच्या नऊ पुरुष वाजवतायत आणि ती फक्त लिहिणारी. 'बाई छान वाजवतात' असं म्हणून सुटायची सोय ऐकणाऱ्यांना राहिली नाही. मार्च १८५० मध्ये पॅरिसला हा वाजला तेव्हा व्हायोलिनवर होता योझेफ योआखिम, अठरा वर्षांचा, पुढे ब्राम्सचा मित्र म्हणून ज्याचं नाव झालं तोच. रचना चांगलीच गाजली. तिसरा भाग स्केर्त्सो, म्हणजे चपळ, खेळकर भाग, पुन्हा ऐका, तारवाद्यं गज बाजूला ठेवून बोटांनी छेडत सुरू होतात, आणि मग वाऱ्याची वाद्यं आत येतात, तिथे राइखाची शिष्या लगेच ओळखू येते. दुसऱ्या भागातल्या व्हेरिएशनमध्ये, म्हणजे एकाच सुरावटीच्या बदलत्या रूपांत, एकेका वाद्याला पुढे आणलंय, आणि कुणालाच नुसतं भरीला बसवलेलं नाही. नऊ माणसांना घेऊन कुणालाही रिकामं न ठेवणं हे किती अवघड असतं ते ज्यांनी मोठ्या ग्रुपमध्ये व्हियोला वाजवलाय त्यांना विचारा.

पगाराची गोष्ट तुम्ही वाचली असेलच. कॉन्झर्व्हेटरीत तिला पुरुष प्राध्यापकांपेक्षा कमी पगार होता. नोनेटच्या यशानंतर त्याच वर्षी तिनं संचालक ओबेरला पत्र लिहून बरोबरीचा पगार मागितला, आणि मिळवला. त्या पत्रातला मुद्दा मला फार आवडतो: ती म्हणते, पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, मला या मंडळींएवढा मोबदला मिळत नसेल तर लोकांना वाटेल की मी माझं काम तेवढं मन लावून केलं नाही. किती नेमकं! तिनं दयेची भाषा वापरलीच नाही, थेट कामाच्या प्रतिष्ठेवर बोट ठेवलं. पण एक लक्षात घ्या, हा विजय शिक्षिका म्हणून होता. लेखिका म्हणून, म्हणजे संगीत लिहिणारी म्हणून, अडचण तशीच राहिली, कारण तोच गाजलेला नोनेट तिच्या हयातीत छापलाच गेला नाही. सेक्सटेट नाही, तिन्ही सिंफनी नाहीत.

छपाईबद्दल दोन शब्द. नवरा प्रकाशक असल्यामुळे सुरुवातीच्या पियानोच्या रचना छापल्या गेल्या आणि त्या लांब पोचल्या, लाइपझिगला शूमाननं १८३६ मध्ये तिच्या एका व्हेरिएशनच्या रचनेवर आपल्या नियतकालिकात आपुलकीनं लिहिलं. आरिस्तीदनं बायकोचं काम मनापासून पुढे नेलं, ही त्या जोडप्याची खरोखर सुंदर बाजू आहे. पण १८४० च्या सुमारास त्यानं प्रकाशनाचा धंदा आवरता घेतला, आणि तिचं मोठं काम तर नेमकं त्याच्यानंतरचं. बाहेरच्या प्रकाशकाच्या दृष्टीनं विचार करा, नऊ वादकांचे सुटे भाग कोरून छापायचे आणि ते विकत घेणार कोण, ज्या घरात नऊ माणसं जमतात ते. ट्रायोला, म्हणजे तिघांच्या रचनेला, गिऱ्हाईक होतं. म्हणूनच तिच्या छापलेल्या ट्रायोंवर क्लॅरिनेटऐवजी किंवा फ्लूटऐवजी व्हायोलिन चालेल अशी सोय दिसते, कारण व्हायोलिनवाले घरोघरी. तिला ओळखणारा संगीताचा जाणकार फेतिस यानं आपल्या चरित्रकोशात साधारण असंच म्हटलंय, की मोठ्या वाद्यसंगीताला लागणारी साधनं जमवणं एकट्या संगीतकाराला फार जड जातं, श्रोते रचना नावावरून जोखतात, आणि प्रकाशक अशा कामासाठी कान बंद करून घेतात. हे त्यानं ती गेल्यानंतर फार उशिरा शोधून काढलेलं नाही, तिच्याच काळातल्या माणसाचं निरीक्षण आहे.

मग १८५९ ला व्हिक्टोरीन गेली, तिशी-पस्तिशीतच. त्यानंतर फारांकनं नवं जवळजवळ काही लिहिलं नाही. नवऱ्यासोबत आणि १८६५ मध्ये तो वारल्यावर एकटीनं तिनं जुन्या कीबोर्ड संगीताचा मोठा बहुखंडी संग्रह, 'ल त्रेझोर दे पियानिस्त', पूर्ण केला, कुपरँ, बाख, स्कार्लात्ती अशांचं मूळ पाठ तपासून छापलेलं. चेंबर म्युझिकसाठीचं अकादमीचं शार्तिए पारितोषिक तिला १८६१ आणि १८६९ असं दोनदा मिळालं, म्हणजे जाणकारांत मान होता, हे 'विसरली गेली'च्या गोष्टीत लोक सांगतच नाहीत. ती हयात असताना विसरलेली नव्हती. पण १८७०-७१ चं प्रशियाबरोबरचं युद्ध झालं, त्यानंतर लगेच तरुण फ्रेंच संगीतकारांनी नवी राष्ट्रीय संगीत संस्था काढली, सां-साँस, फ्रांक, फोरे यांचा काळ सुरू झाला, आणि त्यांना 'फ्रेंच' म्हणून मिरवायला नवा आवाज हवा होता. व्हिएन्नाच्या वळणावर घडलेली, सत्तरीच्या जवळची शिक्षिका त्या चित्रात कुठेच बसत नव्हती. १८७५ मध्ये ती गेली. तिच्या मागे मुलगी नाही, नवरा नाही, छापलेली मोठी कामं नाहीत, म्हणजे रचना पुढे ढकलणारं कुणीच नाही. शूमानच्या मागे त्याची बायको क्लारा होती, ती पुढे कितीतरी वर्षं मैफिलींतून त्याचं वाजवत राहिली, छापून घेत राहिली. हा फरक लहान नाही.

तर बाई असण्याचं उत्तर माझ्या लेखी असं: तिला कुणी एका दिवशी बाई म्हणून यादीतून खोडलं नाही. बाई म्हणून ऑपेरा मिळाला नाही, रोमचं पारितोषिक नाही, मुलींचाच वर्ग मिळाला, कंपोझिशनचा नाही, त्यामुळे तिचं नाव सांगणारे संगीतकार शिष्य तयार झाले नाहीत, पियानोवाल्या मुली झाल्या ज्यांना पुढे बहुतेक वेळा लग्नानंतर मंच सोडावा लागायचा. हे सगळं आणि वर जुळवाजुळवीची वाद्यं, न झालेली छपाई, बदललेली आवड. कुठलं कारण किती मोठं हे रचनेनुसार बदलतं. सिंफनीबाबत मी बाईपण आणि पैसा वर धरीन, क्विंटेटबाबत डबल बास, नोनेटबाबत छपाई. विसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत तिच्या रचनांची संशोधित आवृत्ती निघाली आणि सीडी यायला लागल्या, तेव्हा कुठे ती परत वाजायला लागली, आणि बघा, छापील भाग हातात आल्याबरोबर वादकांनी ती उचलली. अडलं होतं ते तिथेच.

आता तुमच्या तिघांचं. पियानो, फ्लूट, चेलो, म्हणजे तुमच्यासाठी तिनं नेमकं लिहूनच ठेवलंय, ट्रायो ओपस ४५, ई मायनर, चार भाग. पण मुलगी किती वर्षं वाजवतेय आणि पियानोवर कोण बसणार यावर खूप अवलंबून आहे, कारण तिघांत सगळ्यात अवघड भाग पियानोचा आहे. फ्लूट मध्यम तयारीची असेल तर जमेल, चेलो त्याहून सोपा (तुमच्या चेलोवाल्यांना सांगू नका). पहिल्या भागापासून सुरू करू नका, आंदान्ते, म्हणजे मध्यम संथ लयीचा भाग, आधी घ्या. तिथे तिघांना एकमेकांचा श्वास ऐकायला वेळ मिळतो, आणि फ्लूट कुठे श्वास घेते ते पियानोवाल्यानं आपल्या कागदावर पेन्सिलनं लिहून ठेवायचं, हे अगदी पहिल्या दिवशी. मग स्केर्त्सो, मग शेवटचा भाग, आणि पहिला भाग सगळ्यात शेवटी.

आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या वेबसाइटवर जुन्या छपाईचे भाग फुकट मिळतात, पण जुन्या छपाईत तालमीसाठी लागणारे आकडे-अक्षरं बहुधा नसतात, आणि सुट्या भागांत दुसरा काय वाजवतोय ते दिसत नाही. एक संध्याकाळ तिघांनी बसून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मापांचे आकडे हातानं टाकून घ्या, नाहीतर तालमीचा निम्मा वेळ 'कुठून सुरू करायचं' यात जाईल.

पियानोबद्दल एक आग्रह. फारांकच्या कानात १८४० चा एरार किंवा प्लेयेल होता, हलका, खालच्या सप्तकात स्वच्छ, पटकन विरणारा आवाज. आजच्या ग्रँडचा खालचा भाग त्यामानानं फार दाट असतो, आणि फारांक उजव्या हाताला सतत पळती सुरावट देते, तिच्यावर पेडल धरून ठेवलं की चेलो बुडालाच. झाकण अर्धं ठेवा, घरचा अपराइट असेल तर भिंतीपासून थोडा पुढे ओढा, डावा हात तुम्हाला बरोबर वाटतो त्याहून हलका, आणि पेडल बदलत राहा. मी पियानोवाल्यांना पहिल्या एक-दोन तालमी पेडलला पायच लावू देत नाही. बोटांनी लेगाटो करावा लागला, म्हणजे सूर एकमेकांना जोडून वाजवावे लागले, की त्या ओळी किती गाणाऱ्या आहेत ते त्यांचं त्यांना कळतं.

ऐकायला नोनेटनंतर ओपस ३० घ्या, मग क्लॅरिनेटचा ट्रायो ओपस ४४, मग सेक्सटेट ओपस ४०, तो जवळजवळ छोट्या पियानो कॉन्चेर्तोसारखा आहे. चेलो सोनाटा ओपस ४६ तुमच्या चेलोवाल्यांना द्या, बी फ्लॅट मेजर, त्यांना आवडेल. पुढेमागे व्हायोलिनवाला मिळाला तर ओपस ३४ चा डी मायनर ट्रायो आहे, आणि बासवाला सापडला, तर त्याला सोडू नका, ओपस ३० लगेच काढा. मुलगी ओपस ४५ वाजवायला लागली की कुठल्या स्वरांवर श्वास कमी पडतो, ते कळवा, म्हणजे पहिल्या भागातल्या लांब ओळी कुठे तोडायच्या ते सांगता येईल.